आय हाय

५ जानेवारी, रविवार

आले आणि गेले. चहाचे कप अर्धे तसेच राहिलेत, आणि इशिता आतल्या खोलीत दार लावून बसलीय.

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या यतीन म्हणेल की गिरिजा, तू फारच बोललीस. मी फार बोलले नाही. एकच वाक्य बोलले.

उत्तनची मंडळी. ग्लेन, त्याची आई लूर्डस, वडील ह्युबर्ट. इशिताने या ग्लेनशी लग्न ठरवलंय आणि आज आम्हाला ते रीतसर कळवायचं होतं. ख्रिश्चन आहेत याबद्दल माझी काही तक्रार नाही, तेवढी मी मागासलेली नाही. माणसं बरी वाटली. बोलणं अगदी आपल्यासारखं. लूर्डसबाईंनी स्टीलच्या डब्यातून घरचे फुगे आणले होते, पिठाचे गोड तळलेले, मी दोन खाल्ले. तिथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग इशिता म्हणाली, "आई, ग्लेनचा अल्बम ऐक ना."

मी गेली वीस वर्षं शांती नगरात गाण्याचा क्लास घेते. माझ्यापुढे अल्बम ठेवायचा म्हणजे माणसाने जरा विचार करावा. ग्लेन म्हणाला, तसा सगळा मोबाईलवर आहे, पण गावातल्या वयस्क मंडळींसाठी थोड्या सीडी काढल्यात. म्हणजे मी वयस्क मंडळी. असो. सीडीवर नाव काय, तर 'घरान'. घराणं लिहायचं होतं मेल्याला! ज्याला न आणि ण मधला फरक कळत नाही तो घराण्यावर अल्बम काढतो. तरी मी गप्प बसले.

पहिलं गाणं सुरू झालं. मडकं बडवल्यासारखा ताल, तांब्या घासल्यासारखा आवाज. आणि शब्द? दीवाना काय, पाण्यात न्हाणं काय, आणि दर ओळीला "आय हाय, आय हाय!" नाक्यावर पानाच्या टपरीशी उभी असतात ना कार्टी, पोरगी गेली की जी आय हाय करतात, तेच! बरं, आईबाप शेजारी बसलेत. बाप चक्क मान डोलावतोय!

मी रिमोट घेतला, बंद केलं, आणि म्हणाले, "असले शब्द माझ्या घरात नकोत."

ग्लेन हळूच म्हणाला, "आंटी, शब्द कळले ना?"

"न कळायला काय झालं? बावीस वर्षं मीरा रोडला काढली. चांगलं कळतं मला."

लूर्डसबाईंचा चेहरा पडला. ह्युबर्ट उठलेच. जाताना मात्र तिघांनी नमस्कार केला. डबा इथेच राहिलाय.

६ जानेवारी, सोमवार

इशिता गेली. बॅग भरून रसिकाकडे, बोरिवलीला. रसिका तिच्या ऑफिसातली.

दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू त्यांचा अपमान केलास. त्यांच्या घरातले शब्द आहेत ते."

"असल्या शब्दांचं घर असेल तर विचार कर," मी म्हणाले.

त्यावर ती रडली. मला वाटलं ती ओरडेल, तर रडली. म्हणाली, "तू ते शब्द मागे घेईपर्यंत मी या घरात येणार नाही." आणि खरंच लिफ्टने खाली गेली. मी बाल्कनीतून बघत होते. तिने वर बघितलं नाही.

एक मुलगी, आणि तीही एका आय हायपायी घर सोडून गेली. जेवले नाही. यतीन जेवला.

८ जानेवारी, बुधवार

आता काय म्हणावं! ती सीडी गाडीत अडकली.

यतीनने 'परत द्यायची' म्हणून ती गाडीत ठेवली होती, आणि आज भाईंदरला जाताना बघते तर प्लेअरमध्ये. म्हणाला, चुकून सरकवली, आता निघत नाही. बंदही होत नाही. आमची गाडी जुनी, चावी फिरवली की सीडी पहिल्यापासून सुरू. दीवाना आय हाय! सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत होता.

"आवाज तरी कमी कर," मी म्हणाले.

"बटण फिरत नाहीये," यतीन म्हणाला. याला गाडीतलं कधी काही कळलेलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

गाडी दशरथ मेकॅनिककडे नेली. तो आत बसला, दोन मिनिटांत बाहेर आला. "मॅडम, प्लेअर एकदम ओके हाय. सायबांना विचारा." यतीनला मोठा ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, दशरथला आजकालच्या गाड्या समजत नाहीत. आमची गाडी कुठे आजकालची आहे? पण दुसरा मेकॅनिक शोधायला वेळ कुणाला आहे.

ऐकावं लागतंच आहे, तर मी ठरवलं की नीट ऐकायचं. दोष काढायचे तरी माणसाने अभ्यास करून काढावेत. इशिता विचारेल तेव्हा माझ्याकडे मुद्दे हवेत. मुद्दा पहिला: गाण्याला सा नाही. रिषभावर सुरू होतं आणि तिथेच घुटमळत राहतं. मुद्दा दुसरा: ते मडकं. यतीन म्हणतो ते मडकंच आहे, घुमट म्हणतात त्याला, मातीचं असतं. मातीचं असलं म्हणून बेताल वाजवावं का? मात्र बेताल नाही, हे लिहायला हवं. तिसऱ्या गाण्यात तर दोन बोटं मागे रेंगाळून पुन्हा समेवर येतं. कसं येतं ते पुन्हा ऐकावं लागेल.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

इशिताचा फोन नाही. मोबाईलवर हलव्याच्या दागिन्यांचं चित्र आलं, तिळगूळ घ्या गोड बोला. तेच चित्र मला सकाळपासून सात जणींनी पाठवलं होतं. आठवी माझी मुलगी.

लाडू वळताना गुळाचा पाक हाताला पोळत होता आणि मी काहीतरी गुणगुणत होते. यतीन दारात उभा राहून हसतोय. "काय गातेयस?"

"काही नाही. जुनी बंदिश आहे."

"मडक्यावरची?"

एक लाडू फेकून मारला. त्याने झेलला आणि खाल्ला.

१९ जानेवारी, रविवार

क्लासमध्ये आज मुलींना नवा पलटा दिला. रिषभावरून सुरू करायचं, मध्यमापर्यंत जायचं, सा ला शिवायचं नाही, शिवायचं नाही, आणि अगदी शेवटी अलगद सा वर उतरायचं. मुलींना फार आवडला. धाकटी आशा विचारते, "बाई, हा कुठला?"

"माझा," मी म्हणाले. पलट्यांवर कुणाची मालकी नसते.

मुद्दा पहिला रद्द करावा लागणार. सा आहे. इतके दिवस मला सापडत नव्हता कारण तो प्रत्येक ओळीत अगदी शेवटच्या अक्षराला येतो. आय हायमधल्या 'हाय'वर. सगळं गाणं त्याच्याभोवती भटकतं आणि 'हाय'ला घरी येतं. आता हा शहाणा मुलगा इतका सुंदर सा असल्या फालतू शब्दावर का ठेवतो! शब्द बदलले तर हे गाणं मी स्वतः बसवलं असतं. राग येतो तो याचाच.

संध्याकाळी यतीनला म्हटलं, जरा घोडबंदरपर्यंत जाऊन येऊ, खाडीवर हवा बरी असते. त्याने काही विचारलं नाही. हवा खरंच बरी होती. पोचलो तेव्हा सहावं गाणं अर्धं झालं होतं, म्हणून थोडं पुढे जाऊन वळलो.

२३ जानेवारी, गुरुवार

यतीन रेल्वेने मुंबईला गेला. गाडी खाली उभी. गाडी अशी उभी राहिली की बॅटरी उतरते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी खाली जाऊन तिच्यात बसले आणि चावी फिरवली.

थोड्या वेळाने काचेवर टकटक. वॉचमन रामू. "आंटी, कहीं जाना है?"

"नहीं. बैटरी."

"वो गाना अच्छा है," तो म्हणाला आणि तिथेच काठी टेकून उभा राहिला. दोघांनी आठही गाणी ऐकली. मध्ये सेक्रेटरी येऊन बघून गेला.

रामूला विचारलं, या पहिल्या गाण्याचा अर्थ काय वाटतो तुला? तो म्हणाला, "लव सॉन्ग है आंटी. दीवाना है, पानी में कोई नहा रही है." म्हणजे माझ्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत. साक्षीदार आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

इशिताचा फोन आला. आवाज मी नेहमीसारखाच ठेवला.

"आई, फेब्रुवारीच्या शेवटी रजिस्टर लग्न करतोय. तुला बोलावतेय. पण तोंड वाकडं करून येणार असशील तर येऊ नकोस. लूर्डस आंटी अजून रडते. आयुष्यभर ती तेच बोलत आलीय, तेच शब्द."

लूर्डसबाई? आयुष्यभर आय हाय करत आलीय? मला काही बोध होईना.

"मुलगा वाईट आहे असं मी म्हटलं नाही," मी म्हणाले. "सूर चांगला आहे त्याचा." हे तोंडून निसटलं.

मग ती म्हणाली, "तू शब्द मागे घे, आई. बाकी काही नको."

"जे चूक आहे ते मी बरोबर कसं म्हणू?"

तिने फोन ठेवला. मीच अशी का आहे, असं आज पहिल्यांदा वाटलं. तिच्या खोलीत जाऊन बसले. ती लहानपणी खेळून आली की खालूनच "आई!" म्हणून ओरडायची, सगळी बिल्डिंग ऐकायची. मी तिला ओरडायचे की गळा बसेल. आता लग्नात मी नसणार. माझ्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नात मी घरी बसून काय करू, पलटे?

२ फेब्रुवारी, रविवार

तो डबा ओट्यावरून माझ्याकडे बघतोय. महिना होत आला. कुणाचा डबा इतके दिवस ठेवणं बरं दिसत नाही, आणि रिकामा परत देणं तर त्याहून नाही. भांडण असलं म्हणून काय रीत सोडायची? रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. म्हणजे मंगळवार शेवटचा दिवस. लाडू भरून देऊन यायचं, दारातूनच. आत जायचं नाही.

यतीनला सांगितलं. तो इतक्या घाईने हो म्हणाला की मला संशयच आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

लिहिताना हसू येतंय आणि मध्येच रडू. दोन्ही एकदम कसं यावं!

मोरवा गाव ओलांडून उत्तनला पोचलो. यतीन म्हणाला, तू हो पुढे, मी गाडी लावून येतो. घर कौलारू, वर नवीन मजला चढवलेला. दार उघडंच. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि हाक मारली, "लूर्डसबाई आहेत का?"

वरून ग्लेनचा आवाज आला, तोच तांब्याचा. त्याने कोण आलंय ते पाहिलंसुद्धा नाही, नुसता ओरडला:

"आय हाय!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सत्तावन्न वर्षांची बाई मी, हातात तिळगूळ, अंगावर काळी चंद्रकळा, आणि हा मला दारात आय हाय करतो! डबा उंबऱ्यावर आपटून मागे फिरणार, इतक्यात तो पुन्हा ओरडला, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं:

"आय हाय घरान!"

घरान.

मी तशीच उभी राहिले. घरान. घरात. घराणं नव्हे, घरात! आय हाय घरान. आई आहे घरात.

आणि मग ते गाणं माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं. गेला महिनाभर ते तिथेच मुक्कामाला आहे. पहिली ओळ, दीवाना है, आय हाय. दीवाना नव्हे गं बाई, दिवा न्हाय! दिवा नाही, आई आहे. दुसरी ओळ, पानी न्हाय, आय हाय. कुणी न्हात नाहीये तिथे. नळाला पाणी नाही! आई आहे. आणि तिसरी, जिथे मी दर वेळी कानावर हात ठेवायचे, कोन न्हाय? आय हाय! मला वाटायचं हा विचारतोय की कोण न्हातंय. घरात कोणी नाही, पण आई आहे.

तो सा! सगळं गाणं भटकून येतं आणि 'आहे'वर टेकतं. आता कळलं पोराने सा तिथे का ठेवला. दुसरीकडे कुठे ठेवणार होता?

लूर्डसबाई आतून हात पुसत आल्या, तेव्हा मी उंबऱ्यावरच बसले होते. "अहो, उन्हात काय बसलात? बरं वाटत नाही का?"

मी म्हणाले, "दिवा नाही, आई आहे."

त्या घाबरल्या. त्यांना वाटलं मला ऊन लागलं. ह्युबर्ट पाणी घेऊन धावले, ग्लेन जिन्यावरून उड्या मारत खाली आला आणि मला बघून जागीच थिजला.

मग मी सगळं सांगितलं. लपवून काय करू? नाक्यावरची कार्टी सांगितली, पाण्यातली बाई सांगितली, रामूची साक्ष सांगितली. ह्युबर्टना हसता हसता खुर्चीत बसावं लागलं. ग्लेन कानापर्यंत लाल. "आंटी, म्हणजे तुम्हाला वाटलं मी माझ्या आईसमोर... आंघोळीवर..."

"तेच ना! म्हणून तर म्हटलं, असले शब्द नकोत!"

लूर्डसबाई मात्र हसल्या नाहीत लगेच. म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आमचं बोलणं तुम्हाला हलकं वाटलं. पाहुण्यांपुढे आम्ही तुमच्यासारखं बोलतो हो. घरात आमचं हाय-न्हाय. ते पोराने गाण्यात घातलं आणि तुम्ही बंद केलंत."

मी खोटं बोलू शकले असते. पण मी म्हटलं, "न आणि ण वरून नाक मुरडलं होतं मी. तेवढं खरं आहे. त्याची माफी मागते." त्यावर त्यांनी माझा हात धरला.

गाणं त्यांच्यावरच आहे. ह्युबर्ट तेव्हा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. लाईट सारखी जायची, पाणी यायचं नाही. ग्लेन शाळेतून आला की दारातूनच ओरडायचा, घरान कोन हाय? "मी म्हणायची, आय हाय," लूर्डसबाई म्हणाल्या. "की मग गप आत यायचा. बस, एवढंच गाणं."

एवढंच म्हणे!

यतीन इतक्या उशिरा आला की गाडी लावायला तो बहुतेक वसईला गेला असावा. येताना हातात ती सीडी. "निघाली," म्हणाला. "आपोआप."

"तशीच परत घाल," मी म्हणाले.

ग्लेनला बजावलंय, इशिताला काही सांगायचं नाही. मी सांगणार. मला नीट तयारी करून बोलायचंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी चालू आहे. दोनदा फोन हातात घेतला. 'इशिता, मी ते शब्द मागे घेते,' हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं, क्लासमध्ये दम देते तसंच वाटलं. यतीन म्हणतो, गाऊन सांग. काहीतरीच.

शेवटी निरोप पाठवला: रविवारी घरी ये. ग्लेनलाही आण. तिने फक्त 'का?' विचारलं. मी लिहिलं, 'डबा परत दिलाय.' यतीन म्हणाला, याचा अर्थ ब्रह्मदेवालाही लागणार नाही. पण ती हो म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

पुरणपोळी करायची होती. सकाळपासून पाणी नाही, टँकर येतो म्हणतात तो काही आला नाही. संध्याकाळी सहाच्या पुढे लाईटही गेली, अख्ख्या सेक्टरची. यतीन मेणबत्त्या आणायला खाली गेला तो गेलाच. लिफ्ट बंद, घरात अंधार, बादलीत तळाला पाणी, डाळ कुकरमध्ये तशीच. आणि मुलगी महिन्याने घरी येतेय! मला रडू फुटायचं बाकी होतं. मेलं आजच व्हायचं होतं का हे?

चार जिने चढल्याचा धापा टाकणारा आवाज आला. दोघांची पावलं. दार मी उघडंच ठेवलं होतं. उंबऱ्यापाशी पावलं थांबली. शब्द मागे घेतल्याशिवाय आत येणार नाही म्हणाली होती ती, आणि माझीच मुलगी ती.

"काय अंधार आहे हा! पाणीपण नाही म्हणाला रामू," इशिता म्हणाली. मग जरा थांबून, लहानपणी खालून मारायची तशीच, पण हळू आवाजात, "घरात कोण आहे की नाही?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. आरशासमोरचं ते वाक्य, मुद्दे, माफी, सगळं तयार होतं. त्यातलं काहीएक आठवलं नाही. रिषभ लागला, मी तो धरला, आणि उतरले.

"आय हाय," मी म्हणाले.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला, आणि अंधारात चाचपडत इशिता मला येऊन आदळली. माझा खांदा सगळा ओला केला तिने. तिचं रडणं ओसरल्यावर मागून ग्लेनचा आवाज आला.

"आंटी, सा बरोबर लागला."

"लागणारच," मी म्हणाले. "आत ये. डोकं सांभाळ, दिवा न्हाय."